तेहतिसावा माणूस

मी एक जुने चरित्र आहे, आणि तेही दुसऱ्याचे. स्वतःचे चरित्र सांगायची पाळी माझ्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. पण मित्रांनो, ही हकीकत ज्यांना ठाऊक होती त्यांतले एक आता राहिले नाहीत, आणि दुसऱ्या बाई फारसे बोलत नाहीत. तेव्हा मलाच तोंड उघडणे भाग आहे.

माझी पाने चौसष्ट. निळा पुठ्ठा, त्यावर तीन शिडांचे जहाज आणि जहाजाखाली पिवळ्या अक्षरांत माझे नाव. फार वर्षांपूर्वी मुलांसाठी स्पेनच्या दर्यावर्द्यांची एक चरित्रमाला निघाली होती. आम्ही सहा भावंडे. पहिली चार मोठमोठ्या दर्यावर्द्यांची. त्यांची नावे तुम्हाला शाळेत पाठ करावी लागतात. मी पाचवे. माझा कप्तान त्या मानाने लहान. त्याचे एकच जहाज, त्यावर त्याच्यासकट बत्तीस माणसे. त्याने एक बेट शोधले आणि तो परत आला, एवढीच त्याची कमाई. सहावे पुस्तक सगळ्यांत जाड होते, आणि त्याचा तोराही तसाच होता.

मला एक नामवंत लेखक लिहिणार होते. लिहितो लिहितो म्हणत त्यांनी वर्ष घालवले आणि शेवटी हात वर केले. इकडे छापखान्यात कागद येऊन पडला होता. मग संपादकांनी मुद्रितशोधकांना बोलावले. मुद्रितशोधक म्हणजे छपाईच्या आधी मजकुरातल्या चुका हुडकून काढणारा माणूस. छापखान्याच्या मागच्या खोलीत, उतरत्या टेबलापाशी ते दिवसभर पेन्सिल घेऊन बसत. कोणाच्या हातून ध चा मा होऊ नये, एवढेच त्यांचे काम. वय असेल तिशीचे. अंगाने किरकोळ, आणि बोलणे त्याहून किरकोळ.

"आधीची चारही पुस्तकं तुम्हीच तपासलीत," संपादक म्हणाले. "पाचवं लिहूनच टाका. वीस दिवस देतो. तुमचं नाव मात्र घालता येणार नाही. 'संपादक मंडळ' असंच जाईल."

"चालेल," मुद्रितशोधक म्हणाले. त्यांना नावाची हौस नव्हती. पण लिहायची होती, हे त्या वीस दिवसांत मला कळले.

जलप्रवासांचा एक जाडजूड जुना ग्रंथ त्यांनी कुठून तरी मिळवला. त्यात माझ्या कप्तानाची रोजनिशी होती. वादळे, वारे, पिंपातले पाणी किती उरले, असले सगळे. मुद्रितशोधकांनी ती सवयीप्रमाणे एकेक अक्षर करून वाचली, म्हणून इतरांच्या नजरेतून निसटलेली एक गोष्ट त्यांना दिसली. कप्तानाने ते बेट 'शोधले' तेव्हा तिथे माणसे होती. बेटाभोवती पाण्याखाली खडक होते. त्यांतून जहाज बाहेर काढायची वाट एका मासेमाराला ठाऊक होती. कप्तानाने त्याला जहाजावर घेतले आणि मग उतरू दिले नाही. तो अकरा महिने जहाजावर होता. खलाशांची भाषा शिकला, म्हणून त्याला ते दुभाषी म्हणू लागले. मग एका दिवशी रोजनिशीत एवढेच लिहिलेले होते: 'आज दुभाषी मेला. वारा वायव्येचा.'

ती ओळ वाचून मुद्रितशोधकांनी कोरे कागद पुढे ओढले. मग त्यांनी त्या मासेमारावर आठ पानांचे एक प्रकरण लिहिले. मित्रांनो, मला ते प्रकरण आठवते, कारण काही दिवस ते माझ्या अंगावर होते.

पण छापखान्याचा हिशेब निराळा असतो. एका मोठ्या कागदावर सोळा पाने छापतात, त्याला फर्मा म्हणतात. पुस्तक चार फर्म्यांत बसवायचे ठरले होते, म्हणजे पाने चौसष्ट. मी भरले बहात्तर.

"आठ पानं कमी करा," संपादक म्हणाले. "तो मासेमार काढून टाका की. बरोब्बर आठच पानं आहेत त्याची. मुलांना कप्तान हवा असतो, मासेमार नको."

मुद्रितशोधकांनी एकदा मान वर केली. ते काहीतरी म्हणतील असे मला वाटले. पण जिभेवर आलेले त्यांनी गिळले आणि तांबड्या पेन्सिलीने आठही पानांवर स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली. त्या मासेमाराचे एका वाक्यात 'एका वाटाड्याच्या मदतीने' एवढे उरले. एक्केचाळिसाव्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा राहिला आणि बेचाळिसावे पान पुरते कोरे. पुढचे प्रकरण त्रेचाळीसवर सुरू झाले.

शेवटचे प्रूफ त्यांनी तीनदा वाचले. चाळिसाव्या पानावरच्या एका आकड्यापाशी त्यांची पेन्सिल तिन्ही वेळा थांबली, आणि तिन्ही वेळा काही न करता पुढे गेली. का ते मला तेव्हा समजले नाही.

छापून, शिवून, पुठ्ठ्यात बसून मी एका वाचनालयाच्या बालविभागात आले. तळमजल्यावरची लांबट खोली, गुडघ्याएवढी कपाटे, पिवळ्या रंगाच्या बुटक्या खुर्च्या, आणि रस्त्याकडच्या खिडकीपाशी ग्रंथपाल बाईंचे टेबल. माझ्या पहिल्या पानावर शिक्का बसला, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी लागली, शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटला. आम्ही सहाही जण ओळीने उभे राहिलो.

ते दिवस चांगले होते. मी परत येई ते दुसऱ्या दिवशी जाण्यासाठीच. एका शाळेच्या मोठ्या बाईंनी माझ्यातले वादळ सगळ्या वर्गांसमोर वाचून दाखवले, तेव्हा शेवटच्या रांगेतला दंगाही चिडीचूप झाला होता. एका मुलाने मला पोटाशी घेऊन पांघरुणाचे शीड केले आणि पलंग हाकला. एकाने माझ्या जहाजाला मिशा काढल्या. त्या अजून आहेत. मी कुरकुर केली नाही. ज्याला कोणी हातच लावत नाही, त्याला कुरकुरायलाही कारण मिळत नाही.

एकदा पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी मला घेऊन टेबलापाशी आली. तेव्हा ग्रंथपाल बाई नव्याच लागल्या होत्या.

"बाई, यातला एक माणूस हरवलाय."

"कोण हरवलाय?"

"हे बघा, चाळीस पानावर. बेटावरून जहाज निघालं तेव्हा तेहतीस माणसं होती. आणि इथं चव्वेचाळीसवर, घरी पोहोचले तेव्हा बत्तीस. आणि वर लिहिलंय की वाटेत एकही खलाशी मेला नाही. मग एक कुठं गेला?"

बाईंनी दोन्ही पाने पाहिली. "छपाईची चूक असेल, बाळ," त्या म्हणाल्या. "होतं असं."

मुलीचे समाधान झाले नाही. ती जाताना बोटांवर काहीतरी मोजत होती. पण मोजून मोजून किती मोजणार? पुस्तकातच नव्हते.

मग दिवस पालटले. दुसरे भावंड एका कुटुंबाच्या सामानातून परगावी गेले ते गेलेच. पहिल्याची शिवण उसवली. तिसऱ्याची आणि चौथ्याची पाने कोणी कापून वहीत चिकटवली. सहाव्याचा तोरा एका कुत्र्याने उतरवला. पुठ्ठ्यासकट चावून ठेवले. मी तेवढे उरले. माझ्या दोन्ही बाजूंना नवी, गुळगुळीत, उंच पुस्तके आली. मुले यायची, त्यांची बोटे माझ्या पाठीवरून सरकत पुढे जायची. ते बोट पुढे जाण्याआधी क्षणभर माझ्यावर टेकायचे ना, तेवढ्यावर मी आठवडा काढायचे.

वाचनालयाचा एक नियम होता. सलग पाच वर्षे जे पुस्तक कोणी घरी नेले नाही, ते बाद. माझी चार वर्षे आणि दहा महिने भरले होते. वाट पाहण्यासारखे आता काही उरले नाही अशी मी मनाची समजूत घातली होती.

तशात एके दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ बालविभागात आले आणि कपाटांपुढे वाकून एकेक पाठ वाचू लागले. ग्रंथपाल बाई एव्हाना पन्नाशीला आल्या होत्या. "आजोबा, मोठ्यांचा विभाग वर आहे," त्यांनी सांगितले.

"मला इथलंच हवंय." त्यांचे बोट माझ्यावर येऊन थांबले. पुढे सरकले नाही. "हे."

"हे? नातवाला का?"

"हो..." ते म्हणाले. "नातवालाच."

त्यांना नातू नव्हता. लग्नच केले नव्हते. पण मित्रांनो, मी माझ्या मुद्रितशोधकांना ओळखले होते. केस पांढरे झाले, पाठ वाकली. तरी पान उलटण्याआधी त्याचा कोपरा चिमटीत धरून थांबायची ती लकब तीच होती. छापखाना केव्हाच बंद पडला होता. माझी एखादी प्रत मिळते का म्हणून ते कितीतरी वाचनालये फिरून आले होते, हे त्यांनी घरी गेल्यावर बहिणीला सांगितले.

त्यांचे घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे ते आणि त्यांची धाकटी बहीण राहत. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंना ते अजून छोटी म्हणत. छोटीला ऐकू कमी यायचे आणि दादाला बोलायला कमी लागायचे, त्यामुळे घरात घड्याळ तेवढे बोलायचे. दादा मला खिडकीपाशी घेऊन बसले. त्यांनी पेन्सिलीला टोक काढले. एक्केचाळिसाव्या पानावर, मजकूर संपतो तिथे, कावळ्याच्या पावलासारखी एक लहानशी खूण केली. मुद्रितशोधक अशी खूण करतात. इथे काही राहिले आहे, ते घाला, असा तिचा अर्थ. आणि ते लिहू लागले.

"दादा, लायब्ररीचं पुस्तक आहे ना ते?" छोटी मोठ्याने म्हणाली. "मग त्यावर लिहितोस काय?"

"लिहीत नाही गं. दुरुस्ती करतोय."

पण दुरुस्ती सोपी नव्हती. मूळ आठ पाने कधीच रद्दीत गेली होती, आणि इतक्या वर्षांनी शब्द हाका मारून येत नव्हते. एक ओळ लिहावी, दोन खोडाव्यात. पंधरा दिवसांत सात-आठ ओळी झाल्या. मला परत करायचा दिवस आला.

ग्रंथपाल बाईंनी मला चाळले, पेन्सिलीच्या ओळी पाहिल्या, आणि कोणा मुलाचा उद्योग समजून रबराने खोडून टाकल्या. चार दिवसांनी आजोबांनी मला पुन्हा नेले. घरी पान उघडले, कोरी जागा पाहिली. पेन्सिलीला टोक काढले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

असे चार वेळा त्यांनी मला नेले. मुलांनी त्यांचे नाव पेन्सिलआजोबा ठेवले. दुसऱ्या वेळी बाईंना संशय आला. तिसऱ्या वेळी त्यांनी आजोबांना समज दिली. चौथ्या वेळी त्यांचा संयम सुटला. टेबलापुढे मुलांची रांग होती, सगळ्यांसमोर त्यांनी मला उघडून धरले.

"आजोबा, हे तुमचंच अक्षर ना?"

"हो."

"मागच्या वेळी सांगितलं होतं ना मी? तुमच्या वयाच्या माणसानंच असं करायचं, तर या मुलांना आम्ही कोणत्या तोंडानं सांगायचं, पुस्तकात लिहू नका म्हणून?"

"बरोबर आहे तुमचं," आजोबा म्हणाले. खरोखरच त्यांना ते बरोबर वाटत होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या होत्या. आपली दाखवली तर रागवायचे कसे?

"कार्ड द्या इकडे. नियम आहे तो."

त्यांनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवले. त्यांचे ओठ हलले. छापखान्यात हलले होते तसेच. "ते पुस्तक..." एवढेच ते म्हणाले.

"पुस्तक जाग्यावर जाईल. त्याची काळजी तुम्ही करू नका."

ते गेले. बाई इतक्या चिडल्या होत्या की रबर हातात घ्यायचेही विसरल्या आणि मला तसेच कपाटात खुपसून दिले.

मित्रांनो, एकटेपण मला नवे नव्हते. पण आधीचे एकटेपण रिकामे होते. हे भरलेले होते. माझ्या पोटात आता पेन्सिलीने लिहिलेल्या वीस-बावीस ओळी होत्या, अर्ध्यावर तुटलेल्या. लिहिणाऱ्याला दार बंद झाले होते आणि वाचणारा कोणी नव्हता. दाराची घंटा वाजली की मी कान टवकारायचे. त्या घंटेने मला सहा महिने फसवले.

मग वार्षिक तपासणी आली. बाई खालच्या खुर्चीवर बसून एकेक पुस्तक काढत होत्या, पाहत होत्या, काहींची नावे बाद यादीत लिहीत होत्या. मला उघडले. तारखांच्या कागदावर ओळीने एकाच वाचकाच्या चार तारखा होत्या. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी एक्केचाळिसावे पान काढले आणि रबर टेकवले. पण या वेळी घाई नव्हती, रांग नव्हती. खोडण्याआधी त्यांची नजर पहिल्या ओळीवर पडली.

तिथे लिहिले होते: 'त्या वाटाड्याला जहाजावरून उतरू दिले नाही. तो मासेमार होता. किनारा दिसेनासा होईपर्यंत तो पाण्याकडे नाही, मागे पाहत उभा होता, असे कप्तानानेच लिहून ठेवले आहे. अशा रीतीने जहाजावर तेहतीस माणसे झाली.'

बाईंचा हात थांबला. त्यांनी एक पान मागे जाऊन चाळीस पाहिले. मग चव्वेचाळीस पाहिले. रबर बाजूला ठेवले. ओठांतल्या ओठांत त्या म्हणाल्या, "अगं बाई."

दात पडलेली ती मुलगी त्यांना आठवली असावी, कारण त्यांनी दाराकडे पाहिले. पण तिथे कोणी नव्हते. ती आता मोठी होऊन कुठेतरी संसारात असेल. मग त्यांनी पुढच्या सगळ्या ओळी वाचल्या. ओळी तुटत होत्या तिथे, पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत टीप होती: 'मूळ प्रकरण सातवे. पाने वाढली म्हणून काढले. काढणारा मीच.'

बाईंनी ती टीप दोनदा वाचली. मग उठून त्यांनी खणातून रद्द झालेली कार्डे काढली आणि एकावरचा पत्ता उतरवून घेतला.

सोमवारी वाचनालयाला सुट्टी असे. त्या सकाळी मी बाईंच्या पिशवीतून तिसरा मजला चढले. दार छोटीने उघडले.

"दादा आहेत का?" बाईंनी विचारले.

"काय?"

"दादा! दादा आहेत का?"

"आहे की. कुठं जाणार? महिना झाला, पलंग सोडलेला नाही."

आजोबा भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात अंथरुणावर ठेवलेला होता; तो ठेवला तिथेच राही. त्यांच्या उजव्या अंगातले बळ गेले होते. बाईंना पाहून ते गडबडले. "मी आणखी कुठलं पुस्तक ठेवून घेतलेलं नाही हो," ते म्हणाले.

बाईंच्या तोंडात मारल्यासारखे झाले. मग पिशवीतून मला काढून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवले. "हे तुम्ही लिहिलंय. पेन्सिलीनं लिहिलेलं नव्हे, हे सगळं. होय ना?"

आजोबांनी मान डोलावली.

"मग सांगायचं नाही का मला?"

"काय सांगू? की मासेमार मीच काढला आणि आता मलाच तो परत घालायचाय? कोणी मारून मुटकून काढायला लावला नव्हता, बाई. मी एकदा 'नाही' म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी वादळाची पानं कमी केली असती. मी म्हटलंच नाही." त्यांनी माझ्या पुठ्ठ्यावर डावा हात ठेवला. "चाळीस वर्षं चुका काढल्या मी. तेवढी एकच चूक मुद्दाम ठेवली. तो तेहतीसचा आकडा. म्हटलं, एखादं पोर मोजेल आणि विचारेल."

"विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

आजोबा ताठ झाले. "कोणी?"

"एका मुलीनं. माझ्याच टेबलापाशी येऊन. मी तिला छपाईची चूक म्हणून सांगितलं."

आजोबा हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते पुसायला डावा हात आला. "विचारलं म्हणजे," ते म्हणत राहिले. "विचारलं तर!"

बाई खुर्ची ओढून बसल्या. पर्समधून त्यांनी पेन काढले. "पुढचं सांगा. मी लिहिते."

"पेननं नको, पेन्सिल घ्या. शाईचं लिखाण असलेलं पुस्तक तुम्हाला ठेवता येत नाही. नियम आहे तुमचा."

"असू दे."

"बाद होईल ते."

"मी तीन वेळा खोडलंय, आजोबा. एकदाही वाचलं नाही. आता खोडता येणार नाही असंच लिहायचं."

चार सोमवार हे काम चालले. जुन्या ओळी बाईंनी शाईने गिरवल्या, पुढच्या आजोबांनी सांगितल्या. आठ पानांचे दीड पान करायचे होते, म्हणून प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागे. पडल्या पडल्याही त्यांच्यातला मुद्रितशोधक जागा होता. "मासेमारीतली री दीर्घ. हं, बघू. आणि तिथं स्वल्पविराम कशाला? काढा तो." बाईंना राग येई आणि हसूही येई. छोटी दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीने पाही. त्या घरात इतके बोलणे तिने कधी पाहिले नव्हते, आणि ऐकू तर काहीच येत नव्हते.

"त्याचं नाव काय होतं?" एका सोमवारी बाईंनी विचारले.

"सापडलं नाही. कप्तानानं लिहिलंच नाही."

"मग आपण एखादं देऊ या का? मुलांना बरं वाटेल."

"नको. खोटं नाव दिलं की खरं शोधायचं कोणी राहत नाही. लिहा, नाव माहीत नाही."

शेवटच्या दिवशी बाईंना वाटले, शेवट फार कोरडा होतोय. त्याला आपल्या बेटाची आठवण येत असेल, असे एखादे वाक्य घालावे असे त्यांनी सुचवले. आजोबांनी डोळे मिटून मान हलवली. "येतच असेल. पण आपण पाहिलं नाही. रोजनिशीतली ओळ आहे तशी ठेवा. ती पुरते."

म्हणून माझे बेचाळिसावे पान त्या ओळीवर संपते.

पाचव्या सोमवारी बाई मला घेऊन आल्या, ते आजोबांच्या हातात देऊन शेवटचे एकदा तपासून घ्यायला. दार उघडल्यावर छोटी म्हणाली, "दादा शनिवारी गेला." आणि बाजूला सरून तिने त्यांना आत घेतले. पलंगावरची गादी गुंडाळलेली होती.

दोघी खिडकीपाशी बसल्या. मग छोटीने हात पुढे केला. बाईंनी मला तिच्या हातात दिले. चष्मा नाकावर ओढून, ओळीखाली बोट धरून छोटीने ते दीड पान वाचले. खूप वेळ लागला.

"एका घरात जन्म गेला आमचा," ती म्हणाली. "याच्या पोटात एवढं होतं, मला कधी बोलला नाही." मग ती म्हणाली, "मीही कधी विचारलं नाही. ऐकू येत नाही म्हणून विचारायचंच सोडून दिलं होतं."

बाईंनी तिचा हात धरला. त्या दिवशी घड्याळही बंद होते. किल्ली द्यायचे काम दादाचे होते.

वाचनालयाच्या चिटणिसांनी मला तपासणीत पाहिले तेव्हा विचारले, "बाई, हे कोणी केलं?"

"मी."

"तुम्ही? ग्रंथपालांनी?"

"हो. बाद यादीत घाला. शेरा लिहा, शाईचे लिखाण."

त्यांना लेखी समज मिळाली. तो कागद त्यांनी शांतपणे सही करून परत दिला. माझ्या पहिल्या पानावर 'बाद' असा तांबडा शिक्का बसला, पाठीवरची चिठ्ठी निघाली. बाद पुस्तकांचा गठ्ठा दोरीने बांधला गेला तेव्हा मी त्यात तळाशी होते. गठ्ठा न्यायला हमाल आले, त्याआधी बाईंनी दोरी सोडून मला बाहेर काढले आणि आपल्या टेबलाच्या कोपऱ्यावर उभे केले.

तेव्हापासून मी तिथेच आहे. कुठल्याही यादीत मी नाही. संगणकावर माझे नाव शोधले तर 'उपलब्ध नाही' असे उत्तर येते, आणि ते वाचून मुले दुसरे पुस्तक घेऊन जातात. गेल्या वर्षभरात दोघांनीच मला उघडले. एकाने जहाजाच्या मिशा पाहून हसून ठेवून दिले. दुसऱ्याला त्याची आई हाक मारत होती. बाईंना मी कधी कधी दिसते, तेव्हा त्या पुठ्ठ्यावरची धूळ पदराने पुसतात आणि कामाला लागतात. छोटी जिने उतरू शकत नाही, म्हणून सोमवारी बाईच तिच्याकडे जातात. मला नेत नाहीत. मला पाहिले की दोघींना रडू येईल, असे त्यांना वाटत असावे.

मित्रांनो, पुस्तकात लिहू नये, हे मी तुम्हाला पुस्तक म्हणूनच सांगते. पण कोणी काही लिहिलेले दिसले, तर खोडण्याआधी एकदा वाचा. आणि कोणी म्हातारे माणूस ओठ हलवून गप्प झाले, तर 'काय म्हणत होता?' म्हणून विचारा. रागावून विचारा, हसून विचारा, मोठ्याने विचारा, पण विचारा. त्याला दोन क्षण लागतात. न विचारल्याची हळहळ फार दिवस पुरते.

मला घरी नेता येणार नाही. टेबलापाशी उभे राहून वाचावे लागेल. दीडच पान आहे, पाच मिनिटांत होते. फक्त वाचताना तेवढा खिडकीचा पडदा ओढून घ्या. बाईंच्या लक्षात आलेले नाही, पण टेबलावर दुपारचे ऊन येते. शाई निळी आहे, आणि पहिल्या चार ओळी आत्ताच फिक्या झाल्या आहेत.